वरीलप्रमाणे

२ मार्च, सोमवार

नोंदवही लिहीत मीच होतो, पण आजपासून ती माझ्या ताब्यात! हवासाहेबांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुझं, आता आकड्यांनाही जप. हवासाहेब म्हणजे खाणीतल्या हवेचे अधिकारी. सगळे त्यांना तोंडावरही हवासाहेबच म्हणतात आणि ते ओ देतात. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी नोंद अर्धवट ठेवायची सवय नको, म्हणून लिहिलं.

काम तेच. खाली चार जागी हवेतला वायू मोजायचा. तिथल्या पाटीवर खडूने तारीख आणि आकडा. वर येऊन तोच आकडा नोंदवहीत. एक, दोन आणि तीन नंबर मी रोज मोजतो. चार नंबर दर गुरुवारी नाकोबा मोजतात. तो आठव्या बोगद्याच्या परतीच्या वाटेवर आहे, म्हणजे आठमधली वापरलेली हवा जिथून बाहेर पडते तिथे. वाटेत छत खचलेलं आहे, दीडशे पावलं गुडघ्यांवर जावं लागतं. तारेवरून आकडा वर पाठवणारं यंत्र होतं ते त्या पडझडीत गेलं. नवं येतंय, येतंय असं गेलं वर्षभर ऐकतो आहे.

आठमध्ये चाळीस माणसं आहेत. त्यांतले एक माझे दाजी. मी ताईकडेच राहतो, त्यामुळे आठमधली कोळशाची पूड आमच्या मोरीत रोज असते.

नाकोबा ३१ तारखेला निवृत्त होणार. या वायूला वास नसतो हे मला शिकवलं त्यांनीच, आणि नाव पडलं त्यांचं नाकोबा! मी तोंडावर काका म्हणतो.

३ मार्च

मीटर तीनदा तपासलं. ठीक आहे. चौथ्यांदा तपासलं नाही. (खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात शिरल्यावर तपासलं.)

५ मार्च, गुरुवार

काका चारला जाऊन आले. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. बाकावर बसले, दिवा शेजारी ठेवला. मी नोंदवही उघडून विचारलं, काका, चार? ते म्हणाले, वरीलप्रमाणे. मी लिहिलं. त्यांनी चष्मा न लावताच सही केली. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाले, तुझं अक्षर छापील आहे रे, छापलेलं कोण तपासतं.

नोव्हेंबरमध्ये मी आलो तेव्हापासून पक्की नोंदवही मीच लिहितो. काकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची शर्यत! बाहेरच्या फलकावर कुणीतरी 'वरील प्रमाणे' असं तोडून लिहिलं आहे. जाता-येता डोळ्यांत खुपतं. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखनात एक गुण कधी गेला नाही. मास्तर म्हणायचे, शुद्धलेखनाने पोट भरत नाही. भरतंय की.

आठमधल्यांनी आज परत भोंगा म्हणून हाक मारली. डिसेंबरात तीन नंबरला माझं मीटर दीडवर गेलं होतं, मी ओरडलो, साठ माणसं वर आली. नंतर कळलं, मीटरची बॅटरी उतरली होती. अर्धी पाळी फुकट. तेव्हापासून मी भोंगा. दाजीसुद्धा घरात म्हणतात. ताई त्यांच्याकडे बघते, मग म्हणत नाहीत.

८ मार्च, रविवार

काकांनी चहाला बोलावलं होतं. चिठ्ठीवर रस्ता आणि घराचा नंबर लिहून दिला होता. मी ११ नंबरचं दार वाजवलं. एका बाईंनी दार उघडलं, ओले केस, हातात कंगवा. मी म्हटलं, काकांनी बोलावलंय. त्या म्हणाल्या, कुठल्या? मी म्हटलं, खाणीतल्या. त्यांनी आतून नवऱ्याला हाक मारली. मी घाम पुसत निघालो. घर एकोणीस नंबर होतं!

काका पोट धरून हसले. मला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनीही आपली फजिती सांगितली, लग्नात चुकीच्या मांडवात जेवून आले होते ती. गुडघा सुजला आहे. डावा. शेकत बसले होते.

निवृत्त होणाऱ्याला त्याचा दिवा घरी न्यायला मिळतो, पितळेचा, जुन्या पद्धतीचा. ज्योत बारीक केली आणि वायू असला की तिच्यावर निळी टोपी चढते. आता मीटर आहेत, दिवा मानाचा. काकांनी भिंतीत खिळा ठोकून ठेवला आहे. रिकामा खिळा दाखवला मला. एकतीस तारखेची वाट बघतोय म्हणाले.

११ मार्च, बुधवार

फलकावर नवा आदेश. सोमवार, १६ तारखेपासून नववा बोगदा सुरू. त्याला हवा आठमधून देणार. आठच्या तोंडाशी हवेचं दार आहे ते सरकवायचं, म्हणजे आठच्या हवेचा तिसरा हिस्सा नऊकडे वळेल.

मी हवासाहेबांना विचारलं, चालेल का? ते चिडले नाहीत. नोंदवही उघडून बोट ठेवलं. आठच्या परतीला वायू एकदशांश टक्का, चार महिने जराही हललेला नाही. हवा एक तृतीयांश कमी झाली तर होऊन होऊन दीडदशांश होईल. एक टक्क्याच्या आत काम चालतं. सव्वा झाला की वीज बंद, माणसं बाहेर. पाचच्या वर काय होतं ते कोणी बोलत नाही.

म्हणजे माझ्या नोंदवहीवरून ठरलं! छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

काका कालपासून रजेवर. गुडघा. उद्या चारला मलाच जायचं आहे.

१२ मार्च, गुरुवार

नीट लिहितो.

चारला गेलो. दीडशे पावलं म्हणतात, मी एकशे अडुसष्ट मोजली. टोकाला पाटी. तिच्यावर काकांच्या हातचं — ५-३, ०.१. मीटर छताशी धरलं, वायू हलका असतो, वर जाऊन बसतो. आकडा चढत गेला. ०.४. ०.७. ०.९ ला थांबला.

परत धरलं. ०.९. डावीकडे. ०.९. मध्यभागी, खाली, परत वर. ०.९!

पाटीवर ०.१. नोंदवहीत ०.१. चार महिने ०.१.

पहिला विचार आला तो बॅटरीचा. दुसरा भोंग्याचा. साठ माणसं पिंजऱ्यातून येताना माझ्याकडे कशी बघत होती ते आठवलं. मी पाटीवर काहीच लिहिलं नाही. वर आलो. नोंदवही उघडली. आणि मी लिहिलं — वरीलप्रमाणे.

लिहिलं. अक्षर सुंदर आलं आहे.

१३ मार्च

जेवण गेलं नाही. ताईने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हटलं.

गणित परत परत करतो आहे. ०.९ आणि हवा तीनांतून दोन हिस्से. नऊ दशांश भागिले दोन, गुणिले तीन. १.३५ होतात. सव्वा म्हणजे १.२५. दार सरकलं की आठ नंबर सव्वाच्या वर. आणि सोमवारी तिथे मोजायला कोणी जाणार नाही, पुढचा गुरुवार येईपर्यंत. तीन दिवस. चाळीस माणसं, यंत्रांच्या ठिणग्या, आणि छताला चिकटून बसलेला हा बिनवासाचा!

पण मीटर चुकत असेल तर? तर मी जन्मभर भोंगा.

दाजी मोरीत अंग धूत होते. मी दाराशी उभा राहून विचारलं, नाकोबा खरंच दर गुरुवारी चारला जायचे का? ते म्हणाले, जायचे म्हणजे काय, आमच्या समोरून रांगत जायचे, आम्ही चिडवायचो त्यांना. मग साबण डोळ्यांत गेला आणि त्यांनी तांब्या मागितला.

म्हणजे काका गेले. मोजलं. आणि ०.१ लिहिलं? पाटीवर स्वतःच्या हाताने?

१४ मार्च, शनिवार

दिव्यांच्या खोलीतून दुसरं मीटर मागून घेतलं, नवीन बॅटरी घालून. कारकून म्हणाला, कालच तर एक नेलंस. दोन्ही मीटर घेऊन चारला गेलो.

एक ०.९. दुसरं ०.९.

पाटी पुसली. बाहीने अगदी स्वच्छ पुसली, अर्धवट पुसलेली पाटी मला आवडत नाही. ठळक लिहिलं — १४-३, ०.९.

वर येऊन नोंदवहीची पानं मागे उलटत गेलो. चार नंबरच्या रकान्यात वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. नव्या पानाच्या पहिल्या ओळीतही वरीलप्रमाणे! कशाच्या वर? तिथे वर फक्त कागदाची कड. मागे, मागे, पार ६ नोव्हेंबरला एक आकडा. ०.१. बाकी अठरा ओळी त्याच्यावर उभ्या. त्या पहिल्या गुरुवारी काकांनी आपली खिशातली वही पुढे केली होती आणि मी त्यातून उतरवलं होतं. पुढे सगळं तोंडी. मी काय, दिलं ते लिहिलं.

माझी गुरुवारची ओळही त्यातच उभी आहे. तिच्याकडे बघवत नाही.

दाजींना सगळं सांगितलं, माझ्या गुरुवारच्या ओळीसकट. ते म्हणाले, "आधी म्हाताऱ्याकडे जा. विचार त्याला." मी म्हटलं, खोटं लिहिणाऱ्याला काय विचारायचं. ते म्हणाले, "गुडघे फोडत एवढं लांब जाऊन कोण खोटं लिहितं रे? खोटं वर बाकावर बसूनही लिहिता येतं."

पण आकडा आकडा असतो. आणि मला काकांचा राग आला आहे, इतका की त्यांच्या घराची वाटसुद्धा नको वाटते. त्यांच्या त्या वरीलप्रमाणेवर चाळीस माणसं गेली असती.

१५ मार्च, रविवार

गेलो नाही. कपडे धुतले, परत धुतले.

१६ मार्च, सोमवार

पाळीच्या आधी तासभर हवासाहेबांच्या दाराशी उभा. दार सरकवणारे दोन मिस्त्री हत्यारं घेऊन निघालेच होते. मी म्हटलं, साहेब, ते दार हलवू नका. आवाज फाटला. मिस्त्र्यांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, वाजला भोंगा.

मी सगळं सांगितलं. गुरुवारी मी घाबरून वरीलप्रमाणे लिहिलं तेही. हवासाहेबांनी टोपी घातली, दिवा घेतला, माझ्याबरोबर खाली. त्या जाड माणसाने एकशे अडुसष्ट पावलं रांगत काढली. त्यांच्या स्वतःच्या मीटरवर ०.९. मग ते चिखलात तसेच बसले. म्हणाले, "सही करून मोकळा झालो होतो मी."

दार हललं नाही. नववा बोगदा पुढे ढकलला.

काकांना घरून बोलावलं. काठी टेकत आले. खोलीत हवासाहेब, काका आणि मी. हवासाहेबांनी नोंदवही पुढे केली आणि विचारलं, चारला वायू नऊ दशांश आहे, इथे एक दशांश कसा? काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. एकेक पान मागे उलटत ६ नोव्हेंबरवर गेले. त्या ओळीवर बोट ठेवून खूप वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली नाही. मला वाटलं आता ते काहीतरी बनवून सांगतील.

ते म्हणाले, "सही माझीच आहे."

एवढंच. हवासाहेबांनी दोनदा विचारलं, तुम्ही मोजलं होतं की नाही? ते म्हणाले, सही माझी आहे, साहेब, त्यात सगळं आलं.

आजपासून त्यांना खाली उतरायला बंदी. निरोप समारंभ नाही. दिवा नाही. पंधरा दिवस राहिले होते.

जाताना माझ्याजवळ थांबले. मला वाटलं शिवी देतील. म्हणाले, "तू वेळेत ओरडलास. असंच ओरडत जा." आणि काठी टेकत गेले.

१७ मार्च

आठमधल्यांनी आज हाक मारली तर नाव घेऊन. एकाने पाठीवर थाप मारली. ताईने ताट वाढलं, शेजारी बसली, माझ्या केसांतून हात फिरवला. मी आठवीत होतो तेव्हा शेवटचा फिरवला होता.

दाजी मात्र पाठ थोपटत नाहीत. रागावलेत असं नाही. कोडं सोडवत असल्यासारखे बघतात.

मला हलकं वाटायला हवं. वाटत नाही. सगळं बरोबर झालं आहे, आणि तरी बूट काढले की परत घालावेसे वाटतात.

१९ मार्च, गुरुवार

चार नंबर — ०.९. आकड्यात लिहिलं. आता कुठल्याच रकान्यात वरीलप्रमाणे लिहिणार नाही असं मी ठरवलं, तर हवासाहेबांनी तसा आदेशच काढला. फलकावर माझ्या हातून लिहून घेतला. त्यातला 'वरीलप्रमाणे' जोडून लिहिला.

२० मार्च

काकांचा दिवा माझ्या नावावर केला. पितळ झिजून मुठीच्या आकाराचं झालं आहे. माझी मूठ त्यात बसत नाही. कपाटही त्यांचंच मिळालं. ते सामान न्यायला आले नाहीत, निरोप पाठवला की काय असेल ते पोराला देऊन टाका. आत जुना कोट, अर्धा खडू, एक रिकामा डबा.

कोटाला हात लावला नाही.

२३ मार्च

मीटर एकदाच तपासलं.

२४ मार्च, मंगळवार

कपाट पुसायचं म्हणून कोट काढला. आतल्या खिशात वही होती, बोटभर जाड, कोळशाने काळी. गुरुवारची पानं. प्रत्येक पानावर तारीख आणि चारचा आकडा. ६-११, ०.१. पुढे सगळीकडे ०.१. मनात आलं, बघा, वहीतसुद्धा खोटं!

मग जानेवारीचं पान. २२-१. त्याच्या खाली २१-१.

बावीसनंतर एकवीस? गुरुवारनंतरचा गुरुवार मागे कसा जाईल? बोटांवर मोजलं. बावीस आणि सात, एकोणतीस. ते एकवीस नाही, एकोणतीस आहे. दिव्याच्या उजेडात वही डोळ्यांशी धरली. त्यांच्या नऊला आकडी आहे. केसाएवढी, डावीकडे. मग त्याच्या शेजारचा आकडा बघितला. तीच आकडी. मग फेब्रुवारी. मग पार ६ नोव्हेंबर.

०.९. ०.९. ०.९. सगळे गुरुवार. एकदा जरी आठ निघाला असता, तर तेव्हाच कळलं असतं!

पाटीवरही नऊच असणार. ती मी बाहीने पुसली. घरही एकोणीसच होतं.

त्यांना त्या दिवशी खोलीत बोट ठेवल्या-ठेवल्याच कळलं होतं. ते अक्षर कोणाचं आहे ते.

२५ मार्च

पहिल्या पाळीआधी हवासाहेबांच्या दाराशी उभा राहणार. आवाज फाटेल म्हणून लिहून घेतलं आहे — नऊ होता. एक मी लिहिला. तिथून दिवा घेऊन एकोणीस नंबर. खिळा भिंतीत आहेच.